बाविसाव्या चौरसातलं घर

फोनवरच्या मुलीचा आवाज इतका साधा होता की वेन्डल टीलला पहिल्यांदा काही झालंच नाही. त्याने ओल्या हाताने रिसीव्हर धरला होता, बटाट्याची एक साल मनगटाला चिकटली होती, आणि ती सांगत होती की मी नकाशा कचेरीतून बोलतेय, केसलर माझं नाव, तुम्ही मला ओळखत नाही पण तुमची सही गेले दोन आठवडे माझ्या टेबलावर आहे. "हॉर्न क्रीकचा नकाशा, मिस्टर टील. एकोणीसशे तेराचा. आम्ही तो नव्याने करतोय, विमानातून काढलेल्या फोटोंवरून. एक बारीकशी शंका होती." "विचारा की," तो म्हणाला. "बाविसाव्या चौरसात, घळीच्या तोंडाशी, फोटोत एक खड्डा दिसतोय. चौकोनी. तुमच्या नकाशावर तिथे काहीच नाही. तिथे घर होतं का?" तो काही बोलला नाही. बाहेर डेन्व्हरची दुपार होती, शेजारचा माणूस गवत कापत होता आणि त्या यंत्राची खरखर खिडकीतून आत येत होती. "हॅलो?" मुलगी म्हणाली. "फोटो बघावा लागेल," तो म्हणाला. आपला आवाज आपल्या ओळखीचा आहे हे ऐकून त्याला बरं वाटलं. मुलगीही खूष झाली. या ना मग, म्हणाली, आजच या, इथे सगळ्यांना तुम्हाला बघायचंय. त्याने रिसीव्हर ठेवला, साल मनगटावरून सोडवली आणि ती कुठे टाकावी ते न सुचून तशीच मुठीत धरून उभा राहिला.

कोरा वाचनालयात गेली होती, पाचपर्यंत येणार नव्हती. त्याने डोक्याला पाणी लावलं, चांगला कोट घातला आणि ट्राम पकडली. चार वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला तेव्हा कचेरीत केक कापला होता आणि साहेब म्हणाले होते की टीलचा कागद म्हणजे सगळ्यात स्वच्छ कागद, त्यावर फुकटची एक रेघ सापडायची नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवशी हातातल्या केकच्या कागदी बशीचा काठ तो नखाने कुरतडत राहिला होता, आणि कोराने घरी जाताना विचारलं होतं, तुला कौतुक सोसत नाही का रे. सोसत नाही, असं तो हसून म्हणाला होता. आता ट्रामच्या काचेतून चपलांची दुकानं, बँक, नवीन सिनेमाचं थिएटर मागे जात होतं आणि त्याचे कान गरम झाले होते. लहानपणी शाळेत फळ्यापाशी बोलावलं की व्हायचे तसे. पासष्ट वर्षांच्या माणसाचे कान असे गरम व्हावेत याचीच त्याला लाज वाटली. समोरच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने मान वळवली. घर होतं का. पस्तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्याला एका पत्रातून आला होता. त्याच शब्दांत नाही, वकिली शब्दांत. पण प्रश्न हाच.

त्या उन्हाळ्यात तो एकोणतीस वर्षांचा होता आणि मॉन्टानाच्या पूर्वेला, जिथे दोन घरांमध्ये दहा-दहा मैल नुसतं गवत आणि गुरं असत, तिथे तिपाईवर फळा मांडून टेकड्या कागदावर उतरवत होता. फळ्यावर कागद ताणलेला, कागदावर दुर्बिणीची पट्टी. समोर मापाची काठी घेऊन त्याचा सोबती फर्ग्युसन उभा. मग कडक पेन्सिलने समोच्च रेषा, केसाइतक्या बारीक. संबंध उन्हाळ्याचं काम त्या एका कागदावर. ऑगस्टमध्ये गाडीचं चाक मोडलं म्हणून फर्ग्युसन ते घेऊन गावाला गेला, आणि वेन्डल एकटाच घोड्यावर फळा बांधून हॉर्न क्रीकच्या घळीत उतरला. दुपारी आभाळ काळं झालं. तिथली माती ओली झाली की खुराला आणि बुटाला अशी चिकटते की घोडा चार पावलं टाकून थांबतो. फळ्यावर रबरी कापड होतं, पण ते एका कडेला फाटलेलं. तो कोट काढून फळ्यावर पांघरून चालत होता, तेवढ्यात घळीच्या तोंडाशी घर दिसलं. मातीच्या ढेपांच्या भिंती, पत्र्याची चिमणी. दारात एक बाई उभी होती, पुरुषी बूट घातलेली, पस्तिशीची असेल. "आधी ते आत आणा," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, फळ्याकडे पाहिलं होतं.

तिचं नाव सिग्ने हाउगसेट. नॉर्वेहून आलेली, एकटी. सरकारने जमीन खुली केली तेव्हा तिने इथले तीनशेवीस एकर मागितले होते. तीन वर्षं राहून दाखवायचं, मग जमीन नावावर. दोन वर्षं काढली होती, एक राहिलं होतं. घळीतल्या झऱ्यावर तिची एक गाय आणि थोडा ओट जगत होता. छप्पर मातीचं होतं आणि गळत होतं. चुलीवर गळत होतं, टेबलावर गळत होतं, फक्त एका कोपऱ्यात गळत नव्हतं आणि तिथे तिची खाट होती. तिने अंथरूण गोळा करून बाकावर टाकलं आणि म्हणाली, "तिथे ठेवा." तो म्हणाला, अहो, तुमची खाट आहे ती. "मी वाळते," ती म्हणाली. "कागद भिजला तर तुमचा उन्हाळा गेला ना?" तिला हे कसं कळलं ते त्याला समजेना. नंतर ती म्हणाली की तिचा बाप मासेमारीच्या बोटीवर होता आणि घरात त्याचे सागरी नकाशे कुणी ओल्या हाताने धरले तर मार बसायचा. त्याने गोठ्यात गायीशेजारी रात्र काढली. तिने ती बाकावर बसून काढली असणार. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत पाऊस राहिला. तिने त्याला पातळ कडक भाकरी आणि सशाचा रस्सा वाढला आणि स्वतः उभ्यानेच खाल्लं, कारण खुर्ची एकच होती.

पाऊस थांबल्यावर त्याने दारात तिपाई मांडली आणि तिच्यादेखत पेन्सिलीने तिचं घर घातलं. काळा चौकोन, मोहरीएवढा. ती वाकून बघत राहिली. "हे मी?" "हे तुमचं घर." "आणि तिकडे प्रूएटसाहेबांचं?" त्याने कागदाच्या वरच्या अंगाला बड्या गुरेमालक प्रूएटच्या रॅंचचं घर, कोठार, कुंपणं दाखवली. "एवढाच चौकोन त्यांचाही?" "घराचा तेवढाच. सगळ्यांना सारखाच असतो." तेव्हा ती पहिल्यांदा हसली. तिचा एक दात नव्हता. "हे बरंय," म्हणाली. निघताना त्याने पैसे देऊ केले तर ती म्हणाली, खाणावळ नाहीये ही, आणि गायीकडे निघून गेली.

ट्राम थांबली. तो एक थांबा पुढे आला होता. परत चालत येताना त्याला वाटलं, आपण आजही तो हसरा चेहरा आठवतोय तो आपल्याला हवा तसाच आठवतोय, ती आपल्यावर खूष असलेली. बाकीचे तिचे चेहरे असतीलच की. ते कुणी पाहिले.

कचेरीचा जिना तोच होता. मिस केसलर पंचविशीची होती, केसात पेन्सिल खोचलेली, आणि तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "तुमच्या रेषांवर आम्ही शिकलो, मिस्टर टील. यंत्राने मोजलं तर वीस-वीस फुटांच्या उंचीची प्रत्येक रेघ बरोबर जागेवर येते. पायी फिरून कसं जमवलंत?" आजूबाजूची दोन-तीन माणसं हसून मान डोलवत होती. तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवून त्यावर जोडभिंग मांडलं. "डोळे सैल सोडा. एकदम वर येईल." त्याने डोळे टेकवले. आधी दोन करड्या चिंध्या दिसल्या, मग त्या एकमेकींवर सरकल्या आणि संबंध मुलूख उभा राहिला. टेकडीचा माथा, घळीची उतरण, झऱ्याचं काळपट ओलं. त्याने कधीही न पाहिलेल्या उंचीवरून तो ते पाहत होता, तरी त्याच्या पायांना प्रत्येक चढ ठाऊक होता. घळीच्या तोंडाशी खड्डा होता, आणि खड्ड्यापासून झऱ्यापर्यंत झुडपांची एक ओळ, सरळ. तेव्हा ती झुडपं नव्हती. म्हणजे त्याच्या जाण्यानंतर तिने लावली होती. शेवटच्या हिवाळ्याच्या आधी, उरलेल्या एका वर्षाच्या भरवशावर, तिने रोपं आणून ओळीने लावली होती आणि झऱ्याचं पाणी बादलीने घालून जगवली होती, आणि ती अजून जगत होती.

"दिसलं?" मिस केसलर म्हणाली. तो भिंगातून डोळे काढेना. भिंगात डोळे असेपर्यंत त्याचा चेहरा कुणाला दिसणार नव्हता. "अशी ओळ काही आपोआप उगवत नाही," ती म्हणाली. "घर असणार ना? की तुमच्या नंतरचं आहे?" आणि तो म्हणाला, "मेंढपाळाचा तळ असेल. तिथे असे तळ पडायचे. आज आहे, उद्या नाही." ते शब्द त्याने ठरवून उच्चारले नव्हते. तोंडात तयारच होते. कित्येक वर्षं घडी घालून ठेवलेला शर्ट बाहेर काढावा तसे, घडीसुद्धा मोडलेली नाही. "हां, तळ," मुलगी म्हणाली आणि केसातली पेन्सिल काढून तिने वहीत काहीतरी लिहिलं. त्याला तिच्या हातातून ती पेन्सिल घ्यावीशी वाटली. तो म्हणाला, "तब्येत सांभाळा. फार वेळ भिंगातून बघू नका, डोळे जातात." ती हसली. सगळ्यांनी पुन्हा हात मिळवले.

तो ट्रामने गेला नाही. चालत निघाला. चार मैल. कोट काढून हातावर घेतला. प्रूएट आठवला, आणि त्याच्याबद्दल काही वाईट आठवेना याचाच त्याला राग आला. ॲशर प्रूएट हा दिलदार माणूस होता. त्याने सरकारी माणसांना सुकं गवत दिलं, ताजा घोडा दिला, आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा पांढरा पाव, भाजलेलं गोमांस आणि सुरकुती नसलेला टेबलक्लॉथ वेन्डलसमोर आला तो त्याच्याच घरी. त्याच टेबलाशी, दिव्याच्या पलीकडे, रॅंचच्या शाळेतली मास्तरीण बसली होती, कोरा बॅस्कम, बावीस वर्षांची, प्रूएटकडेच राहायला होती. वेन्डलच्या बुटांना अजून घळीतली माती होती. प्रूएट मांस कापता कापता म्हणाला, "तर मग, पोरा, कुठे कुठे फिरलास?" त्याने सांगितलं. हाउगसेटबाईंच्या घराचंही सांगितलं. "घर?" प्रूएट म्हणाला. "खोकं म्हण. असली खोकी मी शंभर पाहिली. दोन हिवाळ्यांत वाऱ्यावर जातात. तुझा नकाशा पन्नास वर्षं राहणार. तुझं काम तूच जाणे, मी आपला गुरांचा माणूस, पण नकाशात जे राहणार तेच असावं असं मला वाटतं." आणि त्याने वेन्डलच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. झऱ्यावर वीस वर्षं त्याचीच गुरं पाणी पीत आली होती, कागदावर हक्क नसला तरी. बाईने कुंपण घातल्यापासून गुरांना चार मैलांचा फेरा पडत होता. हे त्या टेबलाशी सगळ्यांना माहीत होतं. काढून टाक असं प्रूएट कधीच म्हणाला नाही. तो म्हणाला असता तर वेन्डलने बहुधा नकार दिला असता, आणि आयुष्यभर त्या नकारावर स्वतःला चांगला माणूस समजला असता.

हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या कचेरीत शाई करायला बसला तेव्हा टेबलाच्या खणात कोराची चार पत्रं होती. नियमाचं पुस्तक सांगत होतं की तात्पुरत्या झोपड्या दाखवू नयेत. तात्पुरतं म्हणजे काय ते ठरवायचं नकाशा करणाऱ्याने. त्याने सगळ्या रेषांवर शाई फिरवली, प्रूएटचं घर काळं केलं, कोठार केलं, आणि घळीपाशी आल्यावर रबर घेतलं. दोनदा घासलं. कागदाचा पापुद्रा किंचित उठला. तो त्याने नखाच्या पाठीने दाबून गुळगुळीत केला. हाच कागद कोरडा राहावा म्हणून एका बाईने बसून रात्र काढली होती हे त्याला तेव्हा आठवलं नव्हतं असं तो स्वतःला सांगत आला होता. आठवलं होतं. त्याला हेही आठवलं होतं की ती प्रूएटच्या चौकोनाबद्दल काय बोलली होती. तरी हात थांबला नाही, कारण रबर फिरवणं हे इतकं हलकं काम आहे.

फेब्रुवारीत पत्र आलं. हाउगसेट नावाच्या अर्जदार बाईने जमिनीवर वास्तव्य केलेलं नाही अशी हरकत आलेली आहे. आपण पाहणी केली त्या वेळी सदर जागेवर राहतं घर आढळलं का. घर आढळलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग नकाशावर का नाही. बढतीची यादी त्याच महिन्यात निघायची होती. कोराला त्याने लग्नाचं विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती. त्याने तीन दिवस पत्र खिशात ठेवलं. मग उत्तर लिहिलं: नकाशावर मला आढळलेली सर्व कायमस्वरूपी घरं दाखवलेली आहेत. एक ओळ. प्रत्येक शब्द खरा ठरवता येईल असा. साहेबांना ती ओळ आवडली होती. मे महिन्यात कोराच्या पत्रात शेवटी, हवामानाच्या नंतर, लिहिलं होतं की मिस हाउगसेट जागा सोडून गेल्या. त्याने ते पत्र दोनदा वाचलं होतं आणि ती ओळ तिसऱ्यांदाही वाचावी लागेल हे कळून पत्राची घडी घातली होती.

घरी पोचला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. कोराने उरलेले बटाटे सोलून उकडायला टाकले होते. "अर्धे सोलून कुठे गेलास?" ती म्हणाली. "मला वाटलं मेलास की काय कुठे." तिचे केस आता पूर्ण पांढरे होते आणि शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी ती प्रश्न विचारून उत्तराची वाट बघताना हात कमरेवर ठेवायची. तो म्हणाला, कचेरीत बोलावलं होतं. "कशाला?" "जुना नकाशा. हॉर्न क्रीकचा." तिने चूल बारीक केली. अजून उजेड होता, मागच्या अंगणात ऊन तिरपं पडलं होतं. ती जेवायला वाढायला लागली आणि तो बसला, आणि पहिला घास घ्यायच्या आधीच बोलायला लागला. त्याने क्रमाने सांगितलं. पाऊस, खाट, चौकोन, रबर, पत्र, उत्तर, आणि आज तिसऱ्यांदा बोललेलं खोटं. मधे थांबला नाही. तिच्याकडे पाहिलं नाही, मीठदाणीकडे पाहून बोलला. आपण सांगतोय तेही कौतुक करून घ्यायला सांगतोय की काय, बघा मी कबूल केलं म्हणून, असं त्याला मधेच वाटलं.

कोराने काटा खाली ठेवला. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तिचं घर तू घातलं होतंस ते. तिनेच सांगितलं होतं. मी दर शनिवारी तिच्याकडे कॉफी प्यायला जायचे, घोड्यावरून. प्रूएटसाहेबांना सांगायचे की फिरायला जाते. ती मला म्हणाली, सरकारचा माणूस आला होता, त्याने मला नकाशावर घातलं, आता मला कोणी हलवू शकत नाही. तुझ्या बुटांची नक्कल करून दाखवायची, चिखलात कसा चालत होतास ती." कोरा थांबली. "मी तुझ्याशी लग्न करायचं कबूल केलं त्यात तेही होतं. म्हटलं, बरा दिसतोय हा."

पाणी उकळून कॉफीच्या भांड्याचं झाकण थडथडत होतं, ते तिने उठून काढलं आणि उभ्यानेच बोलत राहिली. "एप्रिलमध्ये सुनावणी झाली. मी तिथे होते, वेन्डल. मलाही बोलावलं होतं. प्रूएटसाहेबांनी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला. म्हणाले, तू त्या वाटेने जायचीस ना डिसेंबरात, धूर दिसायचा का चिमणीतून? तर नव्हता दिसत. कारण डिसेंबरात ती गावात लॉंड्रीत कामाला होती, दोन महिने, तेवढी परवानगी असते कायद्यात. एवढंच लिही, म्हणाले, धूर नव्हता. खोटं लिहायला मी कुठे सांगतोय. शाळा त्यांची, खोली त्यांची. लिहिलं मी. सही केली."

"तू कधी..."

"ऐक. मला वाटलं, माझ्या सहीने काय होणार, नकाशा आहे ना. सरकारी नकाशा आहे, त्यात तिचं घर आहे, तो दाखवला की सगळं मिटलं. मी त्या भरवशावर सही केली. तुझ्या भरवशावर. मग त्यांच्या वकिलाने नकाशा टेबलावर पसरला, छपाईच्या आधीची प्रत होती, आणि तिला म्हणाला, दाखवा बाई, कुठे आहे तुमचं घर. ती पुढे आली. तिने हात पुसला आधी, स्कर्टला. आणि बोट ठेवून शोधायला लागली. झरा सापडला तिला. घळ सापडली. मग ती तिथेच बोट फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा. तिला वाटत होतं आपल्याला वाचता येत नाहीये. माझ्याकडे बघून म्हणाली, मिस बॅस्कम, तुम्ही शिकलेल्या आहात, जरा बघता का. तुम्हाला सापडेल."

मागच्या अंगणातलं ऊन कुंपणावर चढलं होतं. वेन्डलने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. त्याने त्या खोलीतलं काहीही पाहिलेलं नव्हतं आणि तरी ते बोट त्याला दिसत होतं, नखांत माती, कागदावर फिरणारं; त्याने जिथे पापुद्रा दाबून बसवला होता बरोबर त्याच जागेवरून फिरणारं. "तू काय केलंस?" त्याने विचारलं.

"बघितल्यासारखं केलं," कोरा म्हणाली. "वाकले. आणि म्हटलं, नाही दिसत."

मग ती बसली आणि बटाटे गार होतील म्हणाली. "मला का नाही बोललीस इतक्या वर्षांत?" तो म्हणाला. त्याला प्रश्न विचारायचा अधिकार नाही हे विचारतानाच कळलं. "तू सांगशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "पहिली दोन-तीन वर्षं. मग वाटलं, तू सांगितलंस तर मलाही सांगावं लागेल. मग मी तू सांगू नयेस म्हणून थांबले. तुझ्या निवृत्तीच्या दिवशी साहेब बोलत होते ना, स्वच्छ कागद वगैरे, तेव्हा तू त्या बशीचे तुकडे करत होतास. घरी येताना मी मुद्दाम विचारलं. तू हसलास. मला सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगते." तिने ओठ पुसले. "एकदा तिचं कार्ड आलं होतं मला, स्पोकॅनहून. हॉटेलात कामाला लागले, गाय विकली, तुम्ही बऱ्या असाल, असं. लग्नानंतर दोन महिन्यांनी. मी उत्तर नाही दिलं. काय लिहिणार होते, पाठवणाऱ्याचं नाव मिसेस टील असं?"

त्या दोघांनी भांडी घासली. ती धूत होती, तो पुसत होता. त्याला वाटत होतं की आता काहीतरी हलकं होईल, इतक्या वर्षांची गोष्ट बोलून झाली म्हणजे हलकं होतं असं माणसं म्हणतात. झालं नाही. उलट आतापर्यंत ती त्याची एकट्याची लाज होती, तिला एक आकार होता, तो तिच्या कडा ओळखून होता. आता तिच्यात कोराची मिसळली होती, आणि त्या दोघांच्या लाजा एकमेकींवर टेकून एक अख्खा संसार उभा राहिला होता. ही भांडी, हे घर, दोन मुली, त्यांची लग्नं. यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे त्याला कळेना. कोरा हात पुसत म्हणाली, "ती मुलगी काय लिहिणार म्हणालास? तळ?" "मेंढपाळाचा तळ." "मेंढ्या," कोरा म्हणाली. "तिला मेंढ्यांच्या वासाने उलटी व्हायची."

सकाळी नऊच्या ठोक्याला कोराने स्वतःच नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. पलीकडे मिस केसलर आली. काल किती छान वाटलं, म्हणाली. तो म्हणाला, "मिस केसलर, काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. तिथे घर होतं." ती जपून म्हणाली, "असू दे हो, मिस्टर टील. इतकी वर्षं झाली. विसरतो माणूस." "विसरलो नव्हतो. मी त्या घरात राहिलो होतो. मी ते नकाशावर घातलं होतं आणि मीच पुसलं. त्यापायी त्या बाईची जमीन गेली." फोनमध्ये दूर कुठेतरी टाइपरायटर चालू होता. कोरा त्याच्या अगदी जवळ उभी होती, कान रिसीव्हरच्या मागे लावून. तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता. "पण आता ते नकाशावर येणार नाही हं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पडक्या घरांचे खड्डे आम्ही दाखवत नाही. नियम आहे." "माहीत आहे," तो म्हणाला. "तो नियम मी चांगला ओळखतो. तुम्ही विचारलं होतं, होतं का. तर होतं. जिथे तळ लिहिलंत तिथे हे लिहा. माझ्या नावाने लिहा."

कागद उलटल्याचा आवाज आला. "बरं," मिस केसलर म्हणाली. "घर होतं, एकोणीसशे तेरा. पुसलं, डब्ल्यू. टील. असं?" "असं." "आणि घर कुणाचं?" त्याने नाव सांगितलं. "स्पेलिंग?" ती म्हणाली, आणि वेन्डलच्या लक्षात आलं की त्याला ते येत नाही. त्याने ते नाव फक्त ऐकलं होतं, आणि त्या पत्रात वाचलं होतं तेव्हा अक्षरांवरून नजर उचलून घेतली होती. तो कोराकडे वळला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, चेहरा वर्गात उभं राहिल्यासारखा ताठ होता. तिने ते नाव एकदा प्रतिज्ञापत्रावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, आणि तेव्हापासून ती ते विसरू शकली नव्हती.

"एच," कोरा म्हणाली.

"एच," तो फोनमध्ये म्हणाला.

"ए. यू. जी."

"ए. यू. जी." पुढचं अक्षर सांगायच्या आधी कोरा थांबली, आणि पलीकडून ती मुलगी म्हणाली, "लिहितेय मी. सावकाश सांगा."